चार दिवस फ्राईजवर काढले, आता परत बेटावर जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो

"ताई, सलाम. आमच्या लग्नाला तीन वर्षं होतील. मागच्या वर्षी फोटो बघून एका बेटावरचं रिसॉर्ट बुक केलं, समुद्र एक नंबर पण आम्ही फक्त हलाल खातो, त्यामुळे जेवणाचे नुसते हाल. चार दिवस फ्राईज, ब्रेड आणि कलिंगड. दर वेळी वेटरला विचारायचं काम माझ्याकडे, नवरा मोबाईलमध्ये तोंड घालून बसणार कारण त्याला ऑकवर्ड होतं. शेवटच्या रात्री कँडल लाईट डिनरला आमचं कडाक्याचं भांडण झालं. आता परत सात दिवसांची सुट्टी जमतेय, डिसेंबरात नाहीतर जुलैत. त्याला जंगल, धबधबे, चढण असलं हवंय, मला समुद्र आणि शांतता. मी हिजाब घालते म्हणून प्रायव्हेट पूलवाला व्हिला बघतेय. मालदीव, लंगकावी, लोंबोक, झांझिबार अशी लिस्ट झालीये आणि डोकं फिरलंय. कुठे जाऊ? आणि ता.क., हॉटेलवाले ॲनिव्हर्सरीला केक फुकट देतात तो खायचा का?" – फ्राईजवाली

वालेकुम सलाम, फ्राईजवाली.

आधी वाईट बातमी देते म्हणजे पुढचं सोपं जाईल. त्या फ्राईज पण बहुतेक गडबडच होत्या गं. मला हे कसं माहीत, तर आम्ही दोघं पण हलालच खातो आणि एकदा असंच एका ठिकाणी गेलो होतो, तिथे मेन्यूच्या तळाला बारीक अक्षरात "हलाल ऑन रिक्वेस्ट" लिहिलेलं, मी खूश, तीन दिवस चिकन मागवून खाल्लं, आणि चौथ्या दिवशी सहज किचनच्या खिडकीजवळून जाताना बघते तर एकच फ्रायर, त्यात आधी बेकनचे तुकडे गेले आणि त्याच तेलात आमचं "हलाल" चिकन. शेफ बिचारा प्रामाणिक होता, म्हणाला मॅडम चिकन हलालच आहे, पॅकेट दाखवतो. पॅकेट खरंच हलालचं होतं. तेलाबद्दल आम्ही विचारलंच नव्हतं!

म्हणून माझं म्हणणं असं की तू क्रम उलटा लावतेयस. तू आधी खोली बघतेस, मग बेट, मग तिथे पोचल्यावर जेवण. आधी महिना पक्का कर, मग किचन, आणि खोली सगळ्यात शेवटी. खोल्या काय गं, सगळीकडे सारख्याच असतात, पलंगावर टॉवेलचे हंस करून ठेवलेले.

महिना पहिला का, तर तुझ्या लिस्टमधली बेटं एकाच वेळी चांगली नसतात. लंगकावी विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे, मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्याला, अंदमान समुद्रात. नोव्हेंबरपासून जो ईशान्य मोसमी वारा येतो तो मलेशियाच्या पूर्व किनाऱ्याला झोडपतो, तिकडची पर्हेंतियान, रेदांग ही बेटं तेव्हा जवळजवळ बंदच असतात, पण लंगकावी मुख्य भूमीच्या आडोशाला असल्याने डिसेंबर ते मार्च तिथे मस्त कोरडं. सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरला. लोंबोक इंडोनेशियात, विषुववृत्ताच्या खाली, बालीच्या शेजारी, तिथे बरोब्बर उलटं, डिसेंबरात धो धो आणि मे ते सप्टेंबर कोरडं. म्हणजे तुझं अर्धं काम कॅलेंडरनेच करून टाकलं. डिसेंबर मिळाला तर लंगकावी, जुलै मिळाला तर लोंबोक. दोन्हीकडे डोंगर, जंगल, धबधबा, समुद्र सगळं एकाच बेटावर, म्हणजे त्याचं आणि तुझं भांडण तिथेच मिटलं.

मालदीव मी तुमच्यासाठी काढूनच टाकलं. वाईट आहे म्हणून नाही. पण तो अख्खा देश इतका सपाट आहे की सगळ्यात उंच नैसर्गिक जागा अडीच मीटरच्या आतच, तुझा नवरा चढणार कुठे, जिन्यावर? हलालचं म्हणशील तर तिथे दोन वेगळी जगं आहेत. वस्तीच्या बेटांवर, म्हणजे माफुशी, धिगुरा वगैरे, दारू मिळत नाही, जेवणाचं टेन्शन नाही, पण बेट दोन तासात फिरून संपतं आणि हातात हात घालून फिरणं पण जरा बेतानेच. रिसॉर्टच्या बेटांवर बार, पोर्क सगळं असतं, म्हणजे मुस्लिम देशात असूनही परत तुझी वेटरला विचारपूस सुरू. झांझिबार मला स्वतःला फार आवडतं, जुलैत हवा छान, जोझानीच्या जंगलात लाल कोलोबस माकडं एवढ्या जवळून दिसतात की बस, जेवण जवळपास सगळीकडे हलाल. पण पूर्व किनाऱ्यावर ओहोटीला समुद्र इतका आत जातो की व्हिलातून पाणीच दिसत नाही, तिथल्या बायका त्या उघड्या पडलेल्या वाळूत समुद्री शेवाळाची शेती करताना दिसतात. ते बघायला भारी, पोहायला नाही. तरी जायचंच ठरलं तर उत्तरेला नुंग्वी-केंड्वाला रहा, तिथे पाणी फारसं मागे जात नाही.

आता किचन. इथे जरा वेळ घालवते कारण तुझं खरं दुखणं हेच आहे.

"मुस्लिम देश आहे ना, मग काय विचारायचं" हा गैरसमज आधी काढून टाक. लंगकावी १९८७ पासून ड्युटी फ्री बेट आहे, म्हणजे चॉकलेटच्या दुकानात मागच्या भिंतीला बाटल्यांची रांग, आणि पंताई चेनांग या मेन बीचवर बार पण भरपूर. तिथल्या काही हॉटेलांच्या दारावर "नो पोर्क, नो लार्ड" अशी पाटी असते, ती वाचून हायसं वाटतं, पण त्याचा अर्थ एवढाच की डुक्कर आणि डुकराची चरबी नाही. चिकन कसं कापलं, सॉसमध्ये वाईन आहे का, याबद्दल ती पाटी काहीच सांगत नाही. मलेशियात हलालचं सर्टिफिकेट जाकिम ही सरकारी संस्था आणि राज्यांची धार्मिक खाती देतात, लोगो गोल असतो आणि मधे आठ टोकांची चांदणी, तो शोध. आणि अजून एक गंमत, हॉटेलच्या बाबतीत सर्टिफिकेट अख्ख्या हॉटेलला नसतं, त्यातल्या ठराविक किचन किंवा रेस्टॉरंटला असतं. सकाळचा बुफे सर्टिफाईड आणि रात्रीचं बीचवरचं रेस्टॉरंट नाही, हे अगदी कॉमन आहे, आणि कँडल लाईट डिनर नेमकं त्या दुसऱ्याच ठिकाणी असतं. उलट बाजूने, एखाद्या मलय मावशीच्या छोट्या हॉटेलात सर्टिफिकेट नसतं पण ती स्वतःच मुसलमान, घरी खाते तेच तुम्हाला वाढते. तिथे कागद मागत बसू नकोस.

इंडोनेशियात २०१४ चा हलाल कायदा आहे आणि ऑक्टोबर २०२४ पासून मोठ्या नि मध्यम खाद्य व्यवसायांना सर्टिफिकेट सक्तीचं झालंय, छोट्यांना २०२६ पर्यंत मुदत दिली. लोगो जांभळा. लोंबोक तर हजार मशिदींचं बेट म्हणूनच ओळखलं जातं, तिथले सासाक लोक बहुतेक मुसलमान, त्यामुळे गावातल्या जेवणात प्रश्नच येत नाही. प्रश्न येतो तो बीचवरच्या परदेशी स्टाईलच्या कॅफेत आणि गिली त्रावांगान नावाच्या पार्टीवाल्या बेटावर. आणि एक शब्द पाठ कर, अंगचिऊ. ही तांदळाची लाल वाईन असते, चिनी पद्धतीच्या फ्राईड राईस आणि नूडल्समध्ये कढईच्या कडेने एक चमचा सोडतात, मेन्यूत कुठेही लिहिलेली नसते. बाकी आयाम म्हणजे चिकन, इकान म्हणजे मासा, सापी म्हणजे गाय-बैल, आणि बाबी म्हणजे डुक्कर. हा शेवटचा शब्द दोन्ही देशांत चालतो, तेवढा आला तरी पुरे.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. दोन्ही देशांत शाफई फिक्ह, म्हणजे इस्लामी धर्मनियमांची शाफई परंपरा चालते, म्हणजे खेकडा, माकुल, कालवं सगळं त्यांच्या दृष्टीने हलाल. तुम्ही हनफी, म्हणजे दुसऱ्या परंपरेचे असाल आणि मासळी सोडून बाकी समुद्रातलं खात नसाल तर हलालचा लोगो तुमच्यासाठी पुरेसा नाही, ते वेगळं सांगावं लागेल, आणि सांगताना "आम्ही हलाल खातो" असं नको म्हणूस, समोरचा म्हणेल मग खेकडा खा की! सरळ सांग, फक्त मासा चालतो, कवचवाले नको.

आता तुझ्या नवऱ्याचं. त्याला वेटरसमोर विचारायला लाज वाटते ना, ठीक आहे, काही जणांना वाटते, माझ्या ह्यांना पण वाटते, टेबलावर बसल्यावर हे मेन्यू असा वाचतात जणू परीक्षेचा पेपर आहे. मग त्याला टेबलावरचं काम देऊच नकोस, मेलचं काम दे. बुकिंगच्या आधी हॉटेलला मेल त्यानेच करायचा. त्यात मोघम "डू यू हॅव हलाल फूड" असं विचारायचं नाही, त्याला सगळीकडून "येस सर" असंच उत्तर येतं. विचारायचं असं की तुमच्या कुठल्या किचनला सर्टिफिकेट आहे, कोणाचं आहे आणि कुठल्या तारखेपर्यंत आहे, त्याचा फोटो पाठवा. फ्रायर आणि ग्रिल वेगळं आहे का. सॉस, मॅरिनेड, सूपच्या स्टॉकमध्ये वाईन किंवा मिरिन, म्हणजे स्वयंपाकातली गोड जपानी तांदळाची दारू, घालता का. आणि खोलीतला मिनीबार आम्ही यायच्या आधी रिकामा करून ठेवाल का. जे हॉटेल मुद्देसूद उत्तर देईल ते घे, जे नुसतं "डोन्ट वरी" म्हणेल ते सोड, मग त्याचे फोटो कितीही भारी असले तरी. पोचल्यावर चेक-इनच्या वेळी शेफला पाच मिनिटं भेटा, दोघांनी मिळून, आणि काय खाणार काय नाही ते एकदाच ठरवून टाका. त्यानंतर टेबलावर हा विषय बंद. तुमचं भांडण जेवणावरून झालं असं तुला वाटतंय, मला वाटतं ते दर वेळी एकटीने विचारत बसण्यावरून झालं.

ओके, आता मजेचं.

डिसेंबर ठरला तर लंगकावीत दोनच ठिकाणी रहा, तीन रात्री उत्तरेला जंगलाच्या बाजूला, दाताई किंवा तांजुंग ऱ्हू, आणि तीन रात्री दक्षिणेला समुद्राजवळ, पण चेनांगला लागून नको, त्याच्या पुढचा पंताई तेंगा जरा शांत आहे. लंगकावी म्हणजे एक बेट नाही, ९९ बेटांचा पुंजका आहे, आणि २००७ मध्ये युनेस्कोने त्याला जिओपार्क केलं. त्यातला माचिनचांग डोंगर ५० कोटी वर्षांहून जुना आहे. वर केबल कारने जाता येतं आणि १२५ मीटर लांबीचा वाकडा झुलता पूल आहे, सगळे जातात, तुम्ही पण जाल, फक्त सकाळची पहिली वेळ घ्या कारण डिसेंबरच्या शेवटी शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी असते, आणि वारा सुटला की केबल कार बंद ठेवतात.

पण माझं ऐकशील तर त्या पुलापेक्षा जंगलात सकाळी सहा-सातला नुसती शांत बसून रहा. चष्मेवाली माकडं दिसतील, अंग राखाडी-काळं, डोळ्याभोवती पांढरं कडं, अगदी चष्मा लावल्यासारखं, आणि त्यांची पिल्लं चक्क केशरी असतात! आईच्या काळ्या पोटाला हा संत्र्याच्या रंगाचा गोळा लटकलेला. धनेश तर दिसायच्या आधी ऐकू येतो, पंखांचा फस् फस् असा आवाज, वाफेचं इंजिन चालल्यासारखा. संध्याकाळी दिवेलागणीला कोलुगो नावाचा प्राणी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो, त्यासाठी हॉटेलच्या निसर्गवाल्या माणसाला आधी सांगून ठेव, तो बरोबर झाड दाखवतो.

किलिमची खारफुटी चुकवू नका, पण मोटरबोटीने नको, कयाकने जा. बोटवाले लोक गरुड जमवायला चिकनची कातडी पाण्यात टाकतात, फोटो मस्त येतात पण त्या पक्ष्यांची शिकार करायची सवय मोडते, आणि बोटींच्या लाटांनी खारफुटीच्या काठाची माती ढासळते. कयाकमध्ये तुम्ही दोघं एकाच नावेत, आवाज फक्त वल्ह्याचा, मुळांवर खेकडे, वर तांबूस घारी घिरट्या घालतायत, आणि मागे बसलेला माणूस वल्हं मारतोय की नुसता बसलाय हे पुढच्याला कळत नाही, हे मी अनुभवाने सांगतेय. याहून रोमँटिक मला तरी काही माहीत नाही.

तिथली रात्रीची बाजारपेठ, पासार मालाम, रोज वेगळ्या गावात भरते, आज कुठे आहे ते रिसेप्शनला विचार आणि एक रात्र तरी हॉटेलचं जेवण सोडून तिकडे जा. कोळशावर केळीच्या पानात भाजलेला मासा, साते म्हणजे काडीला लावून भाजलेलं मांस, शेंगदाण्याचं कूट भरलेला आपाम बालिक नावाचा घावन. हे विकणारे बहुतेक सगळे मलय मुसलमान, तुला तोंड उघडावं लागलं तर फक्त खायला.

जुलै ठरला तर लोंबोक, आणि तिथे बालीहून फास्ट बोटीने जाऊ नका, त्या सामुद्रधुनीत जुलै-ऑगस्टला लाटा जोरात असतात आणि अर्धी बोट उलट्या करत असते, सरळ विमानाने लोंबोकला उतरा. नवऱ्याला रिंजानी दाखवतील, ३,७२६ मीटरचा ज्वालामुखी, आणि तो म्हणेल शिखर करूया. शिखर म्हणजे तंबूत दोन-तीन दिवस, रात्री दोनला उठून घसरत्या रेतीत चढण, ती तुझी सुट्टी नाही. मधला मार्ग म्हणजे सेम्बालुनच्या खोऱ्यात एक रात्र, तिथली पर्गासिंगान टेकडी पहाटे चढायची, खाली शेतांचे चौकोन आणि समोर रिंजानी, झालं त्याचं समाधान. सेनारूला सेंदांग गिले आणि तिऊ केलेप हे दोन धबधबे, दुसऱ्याला जाताना ओढ्यातून गुडघाभर पाण्यातून जावं लागतं तर लांब स्कर्ट नको, पटकन वाळणारी पँट घाल.

मग शेवटचे तीन दिवस गिली मेनो. तीन छोट्या गिली बेटांतलं हे सगळ्यात लहान आणि सगळ्यात शांत, गाड्याच नाहीत, सायकल नाहीतर घोडागाडी. मी घोडागाडी घेत नाही, उन्हात त्या घोड्यांचं बघवत नाही, आणि तसंही अख्ख्या बेटाला पायी फेरी मारायला दीडेक तास लागतो. पाण्यात कासवं दिसतात, हात लावू नका. संध्याकाळी पश्चिमेला बसलात आणि आकाश मोकळं असलं तर समुद्रापलीकडे बालीचा आगुंग डोंगर काळा त्रिकोण होऊन उभा राहतो. जेवायला आयाम तालिवांग, तिखट झणझणीत भाजलेली कोंबडी, सोबत प्लेचिंग कांकुंग, म्हणजे तिखट चटणीतली पालेभाजी. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा, ते लोक "थोडं तिखट" म्हणतात त्याने माझ्या डोळ्यातून पाणी आलं होतं.

व्हिलाबद्दल. "प्रायव्हेट पूल" याचा अर्थ फक्त तुझा असा असतो, कोणाला दिसत नाही असा नसतो. डोंगरउतारावरच्या रिसॉर्टमध्ये वरच्या व्हिलाच्या बाल्कनीतून खालचा पूल सरळ दिसतो. त्यामुळे मेलमध्ये विचार की पूलच्या चारी बाजूंनी भिंत किंवा दाट झाडी आहे का, किती उंच, आणि वरच्या व्हिलातून किंवा बागकामवाल्यांच्या पायवाटेवरून दिसतो का, फोटो पाठवा. पूलची लांबी पण विचार, नाहीतर बाथटबपेक्षा जरा मोठं असं काहीतरी निघतं. बुर्किनी, म्हणजे अंगभर झाकणारा पोहायचा पोशाख, दोन्ही बेटांवर कोणाला नवीन नाही, तरी कॉमन पूलचा नियम विचारून घे.

बारीकसारीक तीन गोष्टी. खोलीत छतावर किंवा ड्रॉवरमध्ये "किबलात" लिहिलेला, नमाजची दिशा दाखवणारा बाण असतो, नसला तर तिकडून किबला पश्चिमेला आणि जरासा उत्तरेकडे. लंगकावी ज्या राज्यात आहे त्या केदाहमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, आणि जुम्म्याच्या नमाजच्या वेळी दोन्हीकडे बरंच काही थांबतं, त्यामुळे शुक्रवार दुपारची बोट किंवा टूर ठेवू नका. निकाहनाम्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेव, मलेशियात मुसलमानांना एकांताचे कायदे लागू आहेत, म्हणजे लग्न न झालेल्या स्त्री-पुरुषाने एकांतात असणं गुन्हा, टुरिस्टला सहसा कोणी विचारत नाही, पण विचारलं तर शोधाशोध नको.

आता केक. फुकटच्या केकमध्ये दोन गोष्टी बघायच्या, मूस किंवा चकचकीत जेलीचा थर असेल तर जिलेटिन कशाचं, आणि चॉकलेट केक असेल तर त्याला रमचा हात मारलाय का. सर्टिफाईड किचनमधून आला असेल तर बिनधास्त खा, नाहीतर मेलमध्येच लिहा की केकऐवजी फळं द्या. आम्ही मागच्या वेळी केक घेतला होता, शेफला सगळं विचारून, खात्री करून, हलाल होता, चवीला पण छान होता. फक्त वर "हॅपी बर्थडे" लिहिलं होतं आणि नाव शेजारच्या व्हिलातल्या कोणाचंतरी.